लाल ठिपका, पांढरा ठिपका

महिनाभर आमच्या टेबलावर दोन दुर्बिणी समोरासमोर बसल्या होत्या आणि मी त्यांच्याभोवती येरझाऱ्या घालत होते. एक आमची जुनी, जर्मन बनावटीची, गळ्यात घातली की मान धरावी इतकी जड. दुसरी त्याच कंपनीची नवी, हलकी, आतून लख्ख. ती सर्वेशची. सर्वेशचं बोरीवलीला कॅमेऱ्यांचं दुकान आहे आणि पक्षी बघायला तो अधूनमधून आमच्याबरोबर येतो. "काकू, वापरून बघा. पटली तर जुनी मला द्या, वरचं काय ते बघू, विषय संपला," असं म्हणून ठेवून गेला होता. वरचे पैसे आमची लेक मनाली देणार होती. म्हणजे घोडं अडलं होतं फक्त एका माणसाच्या होकारावर, आणि तो माणूस म्हणजे आमचा धम्मपाल.

नवऱ्याचं नाव असं सरळ घेते म्हणून दचकू नका. विक्रोळीच्या एका कारखान्यात आम्ही दोघं तपासणी खात्यात होतो. तिथलं अरे-तुरे लग्नानंतर बदलायचं राहूनच गेलं. तो मेहकरकडचा, मी इथे कन्नमवार नगरातच वाढलेली. माझी आई म्हणायची, सुलक्षणाच्या पायाला भिंगरी आहे. धम्मपाल मात्र दिवसभर एका स्टुलावर बसून भिंगाखाली सुटे भाग बघायचा. केसाएवढी भेग त्याच्या नजरेतून सुटायची नाही. ह्या डोळ्यांचा त्याला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर मलाही होता.

जुनी दुर्बीण खात्यातले एक साहेब रिटायर होताना त्याला देऊन गेले. मनाली तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघं खाडीकडे, नाहीतर बोरीवलीच्या पार्कात. दुर्बीण एक, डोळे चार आणि नंबर सगळ्यांचे वेगळे. दुर्बिणीला उजव्या डोळ्यापाशी एक रिंग असते, ती ज्याच्या त्याच्या नंबराप्रमाणे फिरवावी लागते. नाहीतर समोर बगळा आहे की प्लास्टिकची पिशवी, ते कळत नाही. म्हणून धम्मपालने रिंगवर दोन खुणा केल्या. माझ्या नंबराला माझ्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका. त्याच्या नंबराला पांढरा, पास झालेल्या मालावर खात्यात मारायचे त्या रंगाचा. आणि घरचा नियम ठरला, की जो दुर्बीण देईल त्याने दुसऱ्याच्या ठिपक्यावर रिंग आणून द्यायची. भांडून घराबाहेर पडलो असलो तरी.

असा हा खुणा करून ठेवणारा माणूस, आणि त्याचंच महिनाभर तळ्यात-मळ्यात चाललं होतं. मी त्याला खिडकीत उभं करायचे. समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर कंपनीचं नाव आहे, ते वाचायला लावायचे.

"आता ह्यातून बघ. आता त्यातून. कुठली बरी?"

"दोन्ही चांगल्या आहेत."

"अरे, जुनीतून पिवळट दिसतं, मला दिसतंय. तुला नाही दिसत?"

"मग जुनीच राहू दे."

"मी काय विचारतेय, तू काय बोलतोयस?"

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आपणहून म्हणायचा, "नवी घेऊन टाक ना. तुझ्यापुरती."

तुझ्यापुरती. तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. दिवाळीपासून बघत होते, खाडीवर तो पूर्वीसारखा थांबत नव्हता. दुर्बीण दिली की डोळ्याला लावायचा, "दिसला" म्हणायचा आणि लगेच परत द्यायचा. स्वतःहून तर काही दाखवेनासाच झाला होता. मला वाटायला लागलं, ह्याला रविवारचा कंटाळा आलाय. रविवारचा की माझा, हेही मी भाजी चिरता चिरता स्वतःला विचारून घेतलं. दोघांना मिळून रविवार सोडला तर होतंच काय? तो गेला तर आठवडाभर एका घरात राहणारी दोन माणसं उरली असती. मी चिडायचे, भांडी आपटायचे, टाकीवरचं नाव पुन्हा वाचायला लावायचे. तो मूग गिळून बसायचा.

शेवटी एका रविवारी सकाळीच सर्वेशचा फोन आला. नव्या दुर्बिणीसाठी एक गिऱ्हाईक मागे लागलं होतं. "काकू, आज हो की नाही, ते सांगून टाका." मी दोन्ही दुर्बिणी गळ्यात घातल्या आणि धम्मपालला म्हटलं, चल, आज निकाल लावून टाकू.

खाडीला ओहोटी होती. चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे चरत होते, तिवरांवर ऊन आलं होतं. आणि समोर, एका रोवलेल्या काठीवर, काळ्या टोपीचा खंड्या. डोकं काळंभोर, पाठ जांभळी-निळी, चोच लालभडक. नेहमीच्या खंड्याचा हा भाऊ आमच्याकडे फक्त थंडीत येतो आणि आम्ही दरवर्षी त्याची वाट बघतो. मी नवीतून बघितला. मग जुनीतून. मग पुन्हा नवीतून. आणि तो उडायच्या आत धम्मपालला दिसावा म्हणून घाईघाईने जुनी त्याच्या हातात कोंबली.

त्याने ती डोळ्याला लावली. "दिसला. काय रंग आहे. एकदम क्लिअर." मग बोटांनी रिंग फिरवून, नियमाप्रमाणे, मला परत दिली.

मी बघितलं तर नुसतं धुकं. काठी नाही, पक्षी नाही. रिंगकडे पाहिलं तर ती माझ्या लाल ठिपक्याच्याही पुढे गेलेली.

मला समजायला थोडा वेळ लागला. घाईत मी रिंग त्याच्या पांढऱ्या ठिपक्यावर आणलीच नव्हती, ती माझ्या लालवरच राहिली होती. माझ्या नंबरातून त्याला काही क्लिअर दिसणं शक्य नव्हतं. आणि परत देताना त्याने ठिपके पाहिले नव्हते. पांढऱ्यापासून लालपर्यंत जेवढी फिरवायची बोटांना सवय होती, तेवढी फिरवली होती.

"धम्मा," मी म्हटलं, "मी रिंग फिरवली नव्हती."

शेकाट्यांचा ओरडा चालू होता. धम्मपाल म्हणाला, "दिवाळीच्या आधीपासून आहे. डोळ्याच्या पडद्याचं. मध्ये डाग येतो. ज्याच्याकडे बघतो, तेवढंच दिसत नाही. कडेचं सगळं दिसतं."

"दोन्ही डोळ्यांना?"

"दोन्ही. डॉक्टर बघतोय. इंजेक्शनं चालू आहेत, पुढे वाढू नये म्हणून."

"आणि मी टाकी वाचायला लावत होते."

"कंपनीचं नाव पाठ आहे गं."

मला इतका राग आला की मी चार पावलं पुढे गेले आणि परत आले. "मला का नाही सांगितलंस?"

"तू रविवार बंद केला असतास."

केला असता. हे त्याला माझ्याआधी माहीत होतं, म्हणून जास्तच राग आला. इतके दिवस मी कंटाळा समजले ते हे. आणि मला रडू आलं, तेही तिथेच, चिखलाच्या कडेला.

"रडू नकोस," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघितलं की मला तुझे कानातले दिसतात. चेहरा नाही दिसत. रडतेयस हे आवाजावरून कळतं."

मी डोळे पुसले आणि सर्वेशला फोन लावला. "नवी ठेवतेय. जुनी संध्याकाळी येऊन घेऊन जा."

"काका तयार झाले?"

"मी झाले," म्हटलं आणि फोन ठेवला.

खंड्या मध्येच उडाला होता, तो फिरून त्याच काठीवर आला. मी नवीतून बघितला आणि सवयीने दुर्बीण धम्मपालपुढे धरली. अंगठा रिंगवर गेला. नव्या रिंगवर कुठलाच ठिपका नव्हता. तशीच दिली. त्याने डोळ्याला लावली आणि मी "दिसला" ऐकायची वाट बघत उभी राहिले.

"नाही दिसत," धम्मपाल म्हणाला.

मी दुर्बीण परत घेतली, दुसऱ्या हाताने त्याचा हात धरला आणि सांगायला लागले, की तो काठीवर बसलाय, मान खाली घातलीय, पाण्याकडे बघतोय, अजून उडालेला नाही.