कवळीच्या रंगाची मूठ

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, सकाळचे दहा. रक्कम दोनशे चौदा डॉलर. हजर तिघं: मी, माझी बायको आणि आमचा डेंटिस्ट. जागा आमचं डायनिंग टेबल. बायकोच्या छोट्या पिस्तुलासाठी मी तोवर मुठींच्या तीन जोड्या बनवल्या होत्या. त्यांचा खर्च दोनशे चौदा. त्या सकाळी डेंटिस्टनं तिसरी जोडी स्क्रूड्रायव्हरनं काढली आणि माझ्यासमोर ठेवली, उपटलेली दाढ ठेवावी तशी. मग खिशातून टिश्यूत गुंडाळलेली आपली जोडी काढली. ती गुलाबी होती. हिरड्यांसारखी गुलाबी, कारण ती कवळीच्याच अ‍ॅक्रिलिकची होती.

मुलगी कॉलेजला गेल्यापासून आमचे शनिवार रिकामे पडले होते. बायकोनं ते नेमबाजीनं भरले. नागपूरला कॉलेजात असताना ती एनसीसीत रायफल चालवायची, हे मला लग्नाच्या वेळेपासून माहीत होतं. इथल्या रेंजवर तिनं सभासदत्व घेतलं आणि हात लहान म्हणून छोटं पिस्तूल घेतलं. पिस्तूल छोटं असलं तरी मूठ जाडच होती. मूठ म्हणजे दोन बाजूंना स्क्रूनं बसणाऱ्या दोन पट्ट्या. ट्रिगरपर्यंत बोट पोचवायला तिला मनगट वळवावं लागायचं आणि गोळी सुटली की सगळा झटका अंगठ्याच्या मुळाशी बसायचा. संध्याकाळी तिथे सूज असायची. बरण्यांची झाकणं ती मला उघडायला द्यायची. ते मला आवडायचंही.

जानेवारीत ती म्हणाली, "मार्चमध्ये लीगची शेवटची मॅच झाली की विकून टाकते. हात राहिला पाहिजे."

"विकू नकोस. मी मूठ करून देतो," मी म्हणालो.

मी इथे, नोव्हाय गावात, बावीस वर्षं गाड्यांच्या दारांची हँडल डिझाइन करतो. माणसाच्या हातात वस्तू नीट बसवणं हा माझा धंदा आहे. तिचा हात कागदावर पालथा ठेवून मी बाह्यरेषा काढली, प्रत्येक बोटाची लांबी कॅलिपरनं मोजली, करंगळीसुद्धा. कॉम्प्युटरवर मॉडेल केलं, थ्री-डी प्रिंट करून आणलं. पहिली जोडी पातळ झाली, दुसरी निसटती. तिसरीला मी ट्रिगरचं बोट सोडून बाकी बोटांसाठी तीन खाचा दिल्या. तिनं ती रेंजवर नेली आणि परत आल्यावर म्हणाली, "चांगली आहे रे." तिची कुठली "चांगली आहे" खरी असते ते मला कळतं. ही नव्हती.

डेंटिस्टही नागपूरकडचाच, आणि त्याच रेंजवर जायचा. त्यानं तिची सूज पाहिली असावी. पुढच्या बुधवारी दातांच्या क्लीनिंगला आम्ही दोघं गेलो. माझं आधी झालं. मी बाहेर बसलो होतो आणि आतून हसणं ऐकू येत होतं. दात साफ करताना माणूस हसू शकत नाही, म्हणून मी आत गेलो. बायको खुर्चीत बसलेली, गळ्यात निळा कागदी रुमाल, आणि उजव्या हातात पिस्तुलाच्या मापाचा लाकडी ठोकळा. ठोकळ्यावर दातांचा ठसा घ्यायची पुटी थापलेली होती आणि त्यात रुतलेल्या तिच्या बोटांवर डेंटिस्टचा हात होता.

"दाबा वहिनी. गोळी सोडता तेव्हा जेवढं दाबता तेवढंच. हलू नका आता," तो म्हणत होता. मग माझ्याकडे पाहून, "या भाऊ, बसा. चार मिनिटं लागते सेट व्हायला."

मी उभाच राहिलो. भिंतीवर घड्याळ होतं, ते पाहत राहिलो.

हात सुटल्यावर त्यानं ठसा दिव्याखाली धरला. दोन बोटांच्या खाचा खोल होत्या, तिसरी, करंगळीची, जेमतेम उमटलेली.

"वहिनी, करंगळीला कधी लागलं होतं काय?"

"अय्या, हो. एनसीसीच्या कॅम्पमध्ये तंबूची खुंटी ठोकताना मैत्रिणीचा हातोडा बसला. तेव्हापासून पूर्ण वळतच नाही. पण तुम्हाला कसं कळलं?"

"ठशात दिसते ना."

चोवीस वर्षांच्या संसारात ही खुंटी मी कधी ऐकली नव्हती. मी ती करंगळी मोजली होती, एक्कावन्न मिलिमीटर. सपाट कागदावर ती सरळ होती, आणि जी वळत नाही ती सरळ ठेवल्यावर कशी कळणार. तिच्यासाठी मी खोल खाच कोरली होती.

गाडीत मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काय? करंगळीचं? तू विचारलंस कुठे. तू म्हणालास, हात हलवू नकोस."

रात्री मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आर यू जेलस ऑफ अवर डेंटिस्ट?" मी हवामानाबद्दल विचारलं.

तर त्या शनिवारी टेबलावर त्याची गुलाबी जोडी बसली. मी कॅलिपर आणून तपासली. "दोन बाजूंत पाऊण मिलिमीटरचा फरक आहे," मी म्हणालो.

"हात कुठं सारखा राहते भाऊ. दातंही नाही राहत."

बायको हसली. मग तिनं पिस्तूल हातात धरलं आणि तिचा चेहरा बदलला. कुणीतरी जड पिशवी हातातून काढून घेतल्यावर सैल होतो तसा. माझ्या तिन्ही जोड्यांच्या वेळी मी नेमकं हेच पाहायला उभा होतो.

"पैसे किती?" मी विचारलं.

"कसले पैसे. उरलेलं मटेरियल होतं."

पैसे घेतले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी बायकोनं त्याला डिंकाचे लाडू दिले. आमच्या घरी पाच वर्षांत झाले नव्हते. डबा मीच पोचवला.

मार्चच्या मॅचला मी गेलो. सभासद नसलेल्यांना काचेमागे थांबावं लागतं. आत सहाव्या लेनला बायको, सातव्या लेनला तो. कानांवर आवाज रोखणारे संरक्षक, त्यामुळे बोलणं नाही, पण प्रत्येक फेरीनंतर ती तळवा उघडून बघायची. ती तिसरी आली. पिस्तूल रिकामं करून खाली ठेवल्यावर तिनं तळवा आधी त्याला दाखवला. त्यानं वाकून, डोक्यावर दवाखान्यातला दिवा असल्यासारखं निरखून पाहिलं आणि मान हलवली. सूज नव्हती. मग तिनं काचेकडे वळून हात माझ्यासमोर धरला. मला इतक्या लांबून काही दिसलं नाही, तरी मी अंगठा वर केला.

"आता विकणार नाहीस ना?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"छे. दर शनिवारी येणार."

ती सामान भरत असताना मी काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, कधी पिस्तूल चालवलंय का. नाही म्हणालो, शिकेन. डेंटिस्टनं शेवटपर्यंत पैसे घेतले नाहीत. बायकोचं एकेरी सभासदत्व कौटुंबिक करायचे, वर्षाच्या फरकाचे, एकशे साठ डॉलर मी त्या बाईंना माझ्या कार्डावरून दिले.