मोरीवरची फुली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय—तेही नीट माहीत नाही.

आम्ही चौघे भिवंडीचे, सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली काढून भटकणारे. आमच्यात एक रीत होती—जो रस्ता आखेल, त्याची गाडी पुढे. आखायचे नेहमी वसंतदादाच. ते वडप्याच्या एका गोदामात सुपरवायझर. ट्रक लागला की ड्रायव्हरला आधी चहा, मग चौकशी: कुठला घाट खचलाय, कुठल्या ओढ्यावरची मोरी वाहून गेलीय. ते सगळं कागदी नकाशावर पेन्सिलीने उतरवायचे. रस्ता बंद असला की फुली.

मी ॲपवाला. मी मोबाइलवर रस्ता दाखवला की दादा हसायचे. नुसतेच. मग बाकीच्या दोघांशी माझ्यामागे काय बोलत असतील? मी पोहोचलो की टपरीवरच्या गप्पा थांबायच्या—की मलाच तसं वाटायचं? खरं काय ते आजही कळलेलं नाही. संशय मात्र डोक्यात घर करून बसला.

एकदा दादांनी नकाशा माझ्याकडे दिला, फोटो काढून ग्रुपवर टाकायला. जव्हारकडच्या एका आडरस्त्यावर फुली होती. माझ्या ॲपवर तोच रस्ता मोकळा दिसत होता; पण दादांची फुली खोटी नसते, हे मला माहीत होतं. मी—मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं. फुली पुसली, मग फोटो काढला. काय हवं होतं मला? दादा चुकावेत, सगळ्यांसमोर त्यांना गाडी वळवावी लागावी, एवढंच. एवढंच म्हणताना आता माझीच मला लाज वाटते.

जव्हारला निघायच्या आदल्या दिवशी रस्ता आखताना त्यांची पेन्सिल तिथेच अडली.

"इथं फुली होती ना रे? माझ्या ध्यानात हाय."

"नाही दादा," मी म्हणालो. "मी फोटो काढला ना. नव्हती."

त्यांनी माझं ऐकलं.

त्या आडरस्त्यावर वळण संपतं तिथेच मोरी तुटलेली होती. पुढे दादांची गाडी. पायात रॉड घालावा लागला. दवाखान्यात आम्हाला भेटायला सोडलं तेव्हा दादा म्हणाले, "माझंच चुकलं. वय झालं आता." मी मान डोलावली.

पाय बरा झाला हो. पण स्वतःवरचा भरवसा गेला. कुलूप लावून तीनदा मागे फिरतात. गोदामात ट्रकचा नंबर लिहिला की दुसऱ्याकडून वाचून घेतात. मी त्यांच्यावर संशय घेत होतो; आता ते स्वतःवरच घेतात.

परवा वहिनींचा फोन आला. "भावजी, यांना काय धड आठवत न्हाय. डॉक्टरकडं संगती चला ना."

गेलो. डॉक्टरांनी विचारलं, विसरायला कधीपासून लागले? दादा माझ्याकडे बघत राहिले—मला बरोबर आठवत असेल म्हणून.

"दीड वर्ष झालं," मी सांगितलं. "त्या मोरीपासून."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.