भिंतीला पाणी

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात भिंतीवर पाणी मारत होते. सूनबाई दारात येऊन नुसती उभी राहिली... मी नळ बंद केला, पदराला हात पुसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

हे गावी गवंडीकाम करायचे. न्यू जर्सीत मुलाकडे आल्यावर ह्यांच्या हातांना काम उरलं नाही. अंगणाच्या टोकाला एका जुन्या हवेलीच्या बागेची विटांची भिंत आहे, तीच बघत बसायचे. भिंत फार जुनी, सरकारने जपलेली. तिला कोणी हात लावायचा नाही असा कायदा. कधीतरी कोणी तिच्यात सिमेंट भरलं होतं, तिथल्या विटांचे पापुद्रे सुटत होते. खाली तर विटा निसटल्याच होत्या. "चुन्याच्या कामात सिमेंट घातलं की ओल आतच राहते, वीट फुटते," हे म्हणायचे.

विनय म्हणाला, "बाबा, प्लीज. ती प्रोटेक्टेड आहे, परमिशन लागते."

"पडल्यावर घेऊ परमिशन."

झाडांना हवा म्हणून चुन्याची पिशवी त्यालाच आणायला लावली. तो ऑफिसला गेला की हे भिंतीपाशी, सिमेंट काढून चुना भरत. चुन्यात गुळाचं पाणी घालायची ह्यांची जुनी रीत. सूनबाईने डबा उघडला. "बाबा, जर्सी सिटीहून आणलेला गूळ कुठे गेला?"

"भिंतीने खाल्ला."

"मग मुंग्याही तुम्हीच सांभाळा."

तीन दिवसांत काम झालं. चौथ्या दिवशी छातीत दुखायला लागलं. स्ट्रेचरवरून मला एवढंच म्हणाले, "चुना वाळू देऊ नकोस. पंधरा दिवस पाणी मार." मी मान हलवली. आम्ही एकमेकांशी फार बोलत नसूच... त्यानंतर चार दिवसांनी गेले.

पंधरा दिवस संपायच्या आत भिंतीचा सरकारी तपासनीस आला. सगळं उकरून काढायला लावतील, अशी विनयला भीती होती. मलाही होती. त्या माणसाने खिळ्याने सांधा खरवडून पाहिला, मुंग्या पाहिल्या आणि काहीतरी विचारलं. विनय खाली बघून हळूच बोलला. मग त्या माणसाने टोपी काढली.

तो गेल्यावर विनय म्हणाला, "आई, काम चुन्याचंच आहे, राहू दे म्हणाला. पण पुन्हा कोणी हात लावायचा नाही."

"आणि पाणी?"

"पाण्याचं काही बोलला नाही."

चुन्याने आता घट्ट धरलं आहे, त्याला पाणी नको हे मला कळतं. तरी सकाळचा चहा झाला की मी पाइप ओढत मागे जाते. सांध्यांतून अजून मुंग्या येतात. त्या असतात तिथे धार जरा बाजूला धरते.