आम्ही मूळचे इथले नव्हे

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मी साठीला टेकले होते, म्हणजे आतापेक्षा बरीच तरुण आणि चौपट मूर्ख. मुलगी ऑस्ट्रेलियात, पहिलटकरीण, सातवा महिना. तिला तिथे सासू नाही, शेजार नाही. मी वेळेत पोचायलाच हवं होतं.

त्याने तमिळमध्ये साधं विचारलं, "अम्मा, इथे किती वर्षं राहता?"

आमच्या तंजावुरी मराठी घरांत याचं उत्तर ठरलेलं. बारशाला, लग्नाला थोरली मंडळी ते छाती काढून सांगतात. मीही पदर सावरला, कॉफी पुढे केली आणि ऐटीत म्हणाले, "आम्ही मूळचे इथले नव्हे. बाहेरून आलेली माणसं."

त्याचं पेन थांबलं. "बाहेरून? कुठून? कागद आहेत?"

"मराठी मुलखातून!" बाईसाहेबांनी खड्डा आणखी खोल केला.

तो उठला. "उद्या स्टेशनवर या. साहेबांना विचारावं लागेल."

कॉफी तशीच राहिली. आमच्या गावात कॉफी टाकून कुणी उठत नाही. तो गेला तशी मी ह्यांच्याकडे धावले.

"अहो, मला पाठवतील हो कुठेतरी!"

"साताऱ्याला पाठवतील," हे म्हणाले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस, भीतीतही धडा घेणार. "तुझं मराठी ऐकून ते लोक परत इकडे धाडतील."

"थट्टा पुरे. तळ्यावरची बदकं येतात, जातात, त्यांना कोण अडवतं?"

"त्यांचं अंगच अडवतं. दिवस मोठा होईपर्यंत आणि चरबी साठेपर्यंत निघताच येत नाही. कावेरीतला वाम मासा घे. पिल्लं व्हायला त्याला समुद्रातच जावं लागतं, पण वाटेत बांधाची दारं बंद असली तर अडकतो."

"मग त्याच्या पिल्लांचं काय?"

हे उठून माझा शाळेचा दाखला शोधायला लागले. त्या रात्री मुलीचा फोन आला, "आई, तू येतेस ना?" मी म्हटलं, "येते गं," आणि पदर तोंडात कोंबला.

सकाळी स्टेशनात साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाहेरून कधी आलात?"

"मी नाही आले, सार! मी इथेच, जवळच्या पापनाशमला जन्मले. आले ते खापरपणजोबांचे खापरपणजोबा. मराठी राजांबरोबर."

साहेबांनी कालच्या पोलिसाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"अम्मा, त्यांची चौकशी आता मी कुठल्या पत्त्यावर करू?"

सगळं स्टेशन हसलं. मला हसू येईना. त्यांनी सही करेपर्यंत मी पेनाच्या टोकावरून नजर हलवली नाही.

पासपोर्ट आला, व्हिसा मिळाला, आणि नात जन्मली तेव्हा मी दवाखान्याच्या दाराशी होते. तिथल्या विमानतळावर कुठून आलात विचारलं तेव्हा मी "तंजावूर" एवढंच म्हणाले आणि ओठ घट्ट मिटले.

आता ती नात सुट्टीला आली आहे. काल जेवता जेवता तिने विचारलं, "आजी, आपण मूळचे कुठले?"

घरात थोरली आता मीच, म्हणजे छाती काढायची पाळी माझी. मी उठले, पुढच्या दाराची कडी लावली, आणि मग तिला हळू आवाजात सांगितलं.