गणू पाथरवटाचा हात

गणू पाथरवट लांज्याकडचा. बापाच्या हाताखाली त्याने पाट्यांना टाकी लावली, तुळशीवृंदावनं घडवली आणि मिसरूड फुटताच दुबई गाठली. रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये छिन्नीला कोण विचारतो? तिथे सगळा ग्राइंडरचा खेळ. किचनचे ओटे कापायचे, सिंकची भोकं पाडायची. केस पांढरे होईतो त्याने तेच केलं.

एके दिवशी बर दुबई भागात जुन्या वस्तू विकणारा यतीनशेठ ब्लँकेटात गुंडाळलेला दगड घेऊन आला. इजिप्तमधल्या कुठल्याशा प्राचीन भिंतीचा तुकडा. त्यावर कमळ हुंगणारी बाई कोरलेली. तिच्या गालालगत पूर्वी कुणीतरी थापलेलं सिमेंट घट्ट बसलं होतं.

"पुढच्या आठवड्यात जुन्या वस्तू जमवणारे कलेक्टर लोक बघायला येतायत, गणूकाका. एवढं सिमेंट काढून द्या. म्युझियमवाला एक्स्पर्ट आहे, पण तो महिनाभर थांब म्हणतो."

"मशीन नको लावायला. मी हाताने काढतो."

"नक्की जमेल?"

"आमच्या सात पिढ्यांनी हेच केलं, शेठ."

छिन्नी हातात आली आणि गणूचा ऊर भरून आला. बाईच्या केसांची बट न् बट कुणीतरी जीव ओतून कोरली होती. सिमेंटचे पापुद्रे अलगद सुटत गेले. यतीनशेठ "वा!" म्हणाला.

तेवढ्यात छिन्नी तिरपी झाली, आणि गणूला ते कळलंच नाही. ग्राइंडरच्या थरथरीने त्याची बोटं केव्हाच बधिर झाली होती. शर्टाचं बटण लावताना जाणवायचं, पण त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. बाईचं नाक आणि ओठ निखळून फरशीवर पडले, त्यांचा भुगा झाला.

यतीनशेठने ब्लँकेट ओढून घेतलं. मग दगड गुंडाळत म्हणाला, "चूक माझीच. खलास." त्याने आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गणूला वाटलं. तो खाली बसून भुगा चाचपत राहिला. जोडण्याजोगं काहीच नव्हतं.

रविवारी शारजात तो राहायचा त्या खोलीवर गावाहून बायकोचा, रंभाचा फोन आला. तिचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता.

"अहो, देवळातला नंदी तुम्हीच घडवायचा, असं गावकीने ठरवलंय. दगडसुद्धा आणून टाकलाय. आता कायमचे या."

"दुसरा कुणी बघा म्हणावं."

"असं काय बोलता? हात दुखतोय का?"

"दुखत नाही गं. दुखला असता तरी चाललं असतं."

तिला काही समजलं नाही. "मग त्यांना काय सांगू मी?" तिने विचारलं.

गणूने फोन खांद्याशी धरला आणि तो शर्टाचं बटण लावू लागला; ते काजात गेलं की नाही, बोटांना कळेना.