भिंतीवरून पुसलेल्या दोन वेळा

हालगे सर गेल्याचं मला अनिता पांचाळने फोनवर सांगितलं. सकाळचे अकरा वाजत आले होते, मी लातूरच्या कचेरीत होतो. नांदेडच्या राहत्या घरी, चहा घेताना, असं ती म्हणाली. मग, "दादा, गावात तुम्ही कळवा. माझ्याच्यानं नाही होणार." कोणतं गाव, हे विचारावं लागलं नाही. ते औसा तालुक्यात आहे. नाव देत नाही, कारण मागे ते छापून आल्यावर तिथल्या मुलींच्या सोयरिकी अडल्या होत्या.

प्रा. बसवंत हालगे नांदेडच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. मी त्यांचा बी.एस्सी.चा विद्यार्थी. पुढे विज्ञान सोडून वर्तमानपत्रात आलो, तेव्हापासून ते मला "काय बातमीदार?" अशी हाक मारत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत तीन आलेख लावलेले असत: एका ताऱ्याचा कमीजास्त होणारा प्रकाश, लातूरच्या मोंढ्यातला सोयाबीनचा भाव आणि फोनवरून फिरलेली एक अफवा. खाली नाव नसे. कोणता कशाचा, हे पाहुण्याने ओळखायचं. मोंढ्यातले त्यांचे एक आडते मित्र ताऱ्यासमोर उभे राहून म्हणाले होते, "सर, हे सोयाबीन. ह्याच्यानंच मला बीपीची गोळी लागली." सर हसून हसून बेजार झाले. त्यांचं सारं संशोधन त्या हसण्यात होतं. तारा, बाजार, अफवा, जमिनीचे हादरे... लहान हालचाली असंख्य, मोठी क्वचित, पण दोघी एकाच घराण्यातल्या. आणि मोठी कधी येणार, हे आधी सांगता येत नाही. हे वाक्य ते वर्गात वर्षातून निदान दहादा म्हणत. एकदा मात्र ते स्वतःच विसरले.

त्या गावात जमिनीतून आवाज येत होते. मोठा दगड खोल विहिरीत पडावा तसा एक आवाज, मग भांड्यांची थरथर. मोजणीचं यंत्र सरांनी मागितलं होतं, मिळालं नव्हतं. म्हणून त्यांनी शाळेत एक वही ठेवली. ज्याला आवाज ऐकू येईल त्याने सांगायचं, गुरुजींनी वेळ लिहायची. नोंदींचं गणित अनिताकडे होतं. ती नायगावची, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी, घरातली पहिलीच. काही महिन्यांनी नोंदी दोन वेळांभोवती जमलेल्या दिसल्या, सकाळी साडेदहा आणि संध्याकाळी पावणेपाच. तिने हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. हा योगायोग नव्हता. सरांनी शोधनिबंध छापला, लातुरात व्याख्यान दिलं आणि मी त्याची बातमी केली. पहिलं पान, सरांचा फोटो.

गावाने त्या दोन वेळा शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिल्या. त्या वेळी सगळे मैदानात येत. उरलेल्या वेळी दगडमातीच्या घरांत, माळवदाच्या जड छताखाली निर्धास्त झोपत. बाहेर पत्र्याखाली झोपणारेही पुन्हा आत गेले.

अनिताच्या तोंडी परीक्षेला दहा दिवस राहिले असताना तिला चूक सापडली. पुलाच्या कामामुळे तीन आठवडे औशाची बस गावात आली नव्हती. नेमके त्याच तीन आठवड्यांत आवाज दिवसभर विखुरलेले होते. तिने गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले, "लोकं म्हणतेत, गाडी यायच्या टायमाला झाला. मी गाडीचा टाइम लिहितो." बस दोनदा येई, साडेदहाला आणि पावणेपाचला. आम्ही हादऱ्यांचं नव्हे, बसचं वेळापत्रक शोधून काढलं होतं.

अनिताने ते त्याच तासाला सरांना सांगितलं. दहा दिवस ती गप्प राहू शकली असती. सर पहिल्या गाडीने लातूरला आले, ती सोबत होती. "गाडी काढ," मला म्हणाले. "लोक चुकीच्या वेळी आत आहेत." औसा मागे पडल्यावर अनिताने विचारलं, "सर, प्रबंधाचं काय?" ते म्हणाले, "आधी गाव."

पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. लोक मैदानात जमू लागले होते, एका आजारी म्हाताऱ्याला बाजेसकट आणलं होतं. सर ओट्यावर चढले. "भिंतीवरच्या वेळा चुकीच्या आहेत. चूक माझी आहे." आणि बसचा सगळा प्रकार सांगितला.

एक तरुण म्हणाला, "पेपरात फोटो तर लई भारी आलता, सर."

"हो. तोही चुकलाच."

"पण आवाज झाला की घड्याळ कोण बघतंय?" गुरुजी कळवळून म्हणाले. "माणूस आधी छताकडं बघतो."

सरपंचांनी नेमकं विचारलं. "म्हंजी आवाज आता येणार न्हाईत?"

"येतील. कधी, ते मला माहीत नाही."

"मंग घरात कवा जायचं?"

बाजेपाशी बसलेल्या गयाबाई उठल्या. "तुमच्या टायमावर झोप तरी लागत व्हती, सर. आता ती बी घेऊन चाललाव का?"

पावणेपाचला बस आली, वळून उभी राहिली, माणसं उतरली. काही झालं नाही. सरांनी चष्मा पुसला. "वेळ मला सांगता येत नाही, मावशी. भिंत सांगता येते. चला, तुमच्या घरापासून बघू."

ते घरोघर फिरले. फुगलेली भिंत, खचलेला कोपरा, मातीचा थर चढवून चढवून जड झालेलं माळवद. कोणत्या खोलीत झोपायचं नाही, हे अनिता लिहून घेत होती. गयाबाईंचं घर त्या यादीत पहिलं होतं. सहाव्या की सातव्या घरात आम्ही असताना आवाज आला. मांडणीवरची ताटं थरथरली, वरून माती सांडली, कोणीतरी पोराला ओढत बाहेर पळालं. अंगणात आल्यावर अनिताने विचारलं, "सर, वेळ?" सरांच्या हातात घड्याळ होतं. ते त्याच्याकडे बघत म्हणाले, "नाही बघितलं. मीही छताकडेच बघितलं."

निघण्याआधी त्यांनी भिंतीवरच्या वेळा स्वतः पुसल्या. रॉकेल कोणी दिलं ते आठवत नाही. पुढच्या आठवड्यात शोधनिबंध मागे घेतला. अनिताचा प्रबंध दीड वर्ष लांबला आणि या चुकीवरचं प्रकरण घालूनच पुरा झाला. मी खुलासा छापला, आतल्या पानावर, चार ओळींचा. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात मी गावात गेलो. सर गेल्याचं गुरुजींना फोनवर आधीच कळवलं होतं. त्यांनी कपाटातून वही काढली. त्या दिवसानंतर सरांनी आखून दिलेली ही नवी वही. वेळेच्या पुढे त्यांच्या हाताने लिहिलेला एक रकाना आहे, 'वेळ कशावरून सांगितली'. खाली गुरुजींचं अक्षर. कुकरच्या तिसऱ्या शिटीवरून. शाळा सुटली त्यावरून. मोबाइल बघून. बऱ्याच ठिकाणी, माहीत नाही. त्या उत्तराला सरांनी मुद्दाम परवानगी दिली होती. अलीकडच्या एका पानावर गयाबाईंचं नाव होतं. त्या आता अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपतात. वेळेचा रकाना कोरा होता आणि पुढे लिहिलं होतं: 'झोप लागली होती. आवाज झाल्याचं सकाळी शेजारणीनं सांगितलं.'