बाटली पळवू नका

"हा मानसिक आजार नाही. यांच्या रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीखाली गेलंय," असं वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आई पलंगावर बसून समोर नसलेल्या शेळीला हाकलत होती. मला ती ओळखत नव्हती.

हायपोनेट्रेमिया, असं त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं. सोडियम आपल्याला मुख्यतः मिठातून मिळतं. जास्त मिठानं माणूस आजारी पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. मिठावाचून माणसाचं डोकं फिरतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आई केनवडला राहते. तिला ब्लडप्रेशरची गोळी सुरू होती. ही गोळी लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते. गोळी देताना डॉक्टर म्हणाले होते, "मीठ कमी करा." आई पथ्य उपासासारखं पाळते. तिनं 'कमी' ऐकलं आणि बंद केलं. अळणी वरण, अळणी भाजी, लोणच्याकडे तर बघायचंही नाही. शेजारपाजारच्या बायका कौतुक करायच्या. मग ऐन उन्हाळ्यात तिला जुलाब लागले. कोणीतरी सांगितलं पाणी पी, म्हणून ती तांबे भरभरून साधं पाणी पीत राहिली.

तिला उभंही राहवेना, तेव्हा मामा तिला रिसोडला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. "हिले ताकदीची बाटली लावून द्या," मामानंच सांगितलं. डॉक्टरनं लावली. रक्त तपासलं नाही, कोणती गोळी चालू आहे हेही विचारलं नाही. बाटली ग्लुकोजची होती. संध्याकाळी आई शेळ्या हाकलू लागली आणि मामा म्हणाला, "हे बाहेरचं हाये."

बाहेरचं नव्हतं, तिच्याच आतलं होतं. मी तिला वाशिमच्या दवाखान्यात आणलं, तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपल्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. पाणी त्यातून सहज ये-जा करतं, मिठाला तसं जाता येत नाही. रक्तातलं मीठ कमी झालं, की पाणी जिथं क्षार जास्त तिथं, म्हणजे पेशीत शिरतं. पेशी फुगते. ग्लुकोज शरीर वापरून टाकतं आणि मागे उरतं नुसतं पाणी. तेही पेशीतच शिरतं. हातापायाच्या पेशी फुगल्या तर निभावतं. मेंदू कवटीत बंद आहे, तो फुगून जाणार कुठे?

शाळेत आम्ही मनुका पाण्यात टाकून फुगवल्या होत्या. याला परासरण म्हणतात, असं सरांनी सांगितलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, ती त्या सरांमुळेच; त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दिवशी मनुका आठवली आणि मी आईच्या डोक्याकडे बघत राहिले.

मग मिठाची सलाईन सुरू झाली. तीन टक्क्यांची, म्हणजे नेहमीच्या सलाईनपेक्षा खूप खारट. ती अगदी हळू, थेंबाथेंबानं सोडत होते. मामाला ते बघवेना. "काहून असं मोजून मोजून सोडून राह्यले बाप्पा? आपल्या गावात तं अर्ध्या घंट्यात बाटली खलास!"

मी जरा औषध आणायला खाली गेले. परत आले तर सिस्टर ओरडत होत्या, "बाटली एवढ्या जोरात कोणी पळवली? नळीवरचं हे चाक कोणी फिरवलं?"

मामा दात काढून म्हणाला, "म्या फिरवलं. पाहा न, डोये उघडले तिनं!"

खरंच उघडले होते. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, जेवली का?" आणि मला आनंद होऊ शकला नाही, कारण डॉक्टर धावत आले होते आणि त्यांचा चेहरा मी पाहत होते.

ते म्हणाले, "मीठ हळू वाढवतो, कारण मेंदूच्या पेशी कमी मिठाला सरावलेल्या असतात. एकदम वाढवलं की पाणी झपाट्यानं बाहेर ओढलं जातं आणि नसांवरचं आवरण खराब होतं. आज बऱ्या दिसतील. नुकसान झालं असेल तर काही दिवसांनी कळेल. बोलणं जातं, गिळता येत नाही, हातपाय चालत नाहीत."

मीठ पुन्हा थोडं खाली आणायला त्यांनी ग्लुकोजचीच बाटली लावली, पण आता दर थोड्या वेळानं रक्त तपासत. ताकदीची बाटली म्हणून कोणतीच बाटली नसते.

पुढचे दिवस मी आईला सतत बोलतं ठेवलं. चमच्यानं पाणी पाजताना तिच्या गळ्याकडे बघत बसायची. ठसका लागला की मी सिस्टरांना हाक मारायची. मामाशी मी एक शब्द बोलले नाही. तो मात्र वॉर्डातल्या नातेवाइकांना सांगत होता, "म्या बाटली पळवली म्हून शुद्धीवर आली."

एका सकाळी डॉक्टरांनी मामाकडे बोट दाखवून आईला विचारलं, "हे कोण?"

"हा? माहा उपद्व्यापी भाऊ. याले अगुदर घरी पाठवा." शब्द स्वच्छ होते. दोन्ही हात तिनं वर करून दाखवले. डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

त्या डॉक्टरांची आणि चाक पाहणाऱ्या सिस्टरांची मी जन्मभर ऋणी आहे. पण तुमच्या घरी कोणी अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर आधी सोडियम तपासायला सांगा. मीठ किती कमी करायचं, ते चमच्याच्या मापानं विचारा. बाटलीत काय आहे हे विचारा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या, मीही चिडलेलीच आहे.

घरी आल्यावर मामा भेटायला आला आणि माझं तोंड बघून आईला म्हणाला, "बाई, म्या तं तुह्या भल्यासाठीच केलं होतं वं."

आई उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "भल्यासाठीच तं सगळ्यायनं केलं रे. विचारलं कोणीच नाही."